इंत्रुजाची मापवही

बाबांच्या मापवहीत फेब्रुवारीची पानं
अजून पिठाने खरबरीत लागतात.
सज्जांतून फेकलेल्या कोकोतींचं ते पीठ.
कागदाची पुडी, आत चिमूटभर मैदा, कधी नुसता भुसा.
मळ्यातली पोरं नेम धरायची बाबांच्या टकलावर
आणि ते चार दिवस बाबा रागवायचे नाहीत.
पाचव्या दिवशी रागवायचे, मागचं सगळं धरून.

पोर्तुगीज अमदानी वहीत सेंटिमीटरमध्ये आहे.
मिंगेल फुर्ताद, छाती एकशे सात,
काळा दोमिनो, मुखवटा गिऱ्हाइकाचा.
दोतोर लोबू, चाच्याची तुमान, पैसे पास्कानंतर.
(पैसे आल्याची खूण नाही.)
मंगळवारच्या नाचाला तांबडं नि काळंच चालायचं,
त्या आठवड्यात पणजीत तांबडं साटीन
देवीच्या खणालासुद्धा मिळायचं नाही.

मग एका पानावर एकदम इंच सुरू होतात.
पुढे कधीतरी मोमो राजा येतो मापाला :
छाती अडतीस, पोट, उशी धरून, चौपन्न.
खा, प्या, मजा करा असा हुकूम काढणारा राजा
बाबांच्या टेपसमोर श्वास रोखून उभा.
यंदाच्या मोमोला उशी लागली नाही.

पण मी वही उघडते ती इनासीनसाठी.
आडनाव लिहिलेलं नाही.
आताईदांच्या घरी रांधायची, एवढंच.
इंत्रुजात चाकरांनी धन्याचे कपडे चढवायचे,
धन्याने वाढायचं आणि हसायचं.
रीत जुनी, म्हणे गुलाम होते तेव्हाची.
शुक्रवारी ती दोना एर्मिलिंदचा निळा झगा आणायची.
कमरेला चार बोटं सोडायची, दंडाला दोन,
खाली वीतभर दुमड.
बुधवारी तोच झगा परत घेऊन यायची,
कपाळावर राखेचा क्रूस,
गेल्या साली चर्चमध्ये वाटलेल्या झावळ्यांची राख.
बाबा टाके उसवायचे.
शिलाई आठ तांगा, उसवण चार.

डिसेंबरात राज्य बदललं.
आताईद लिस्बनला गेले, दोन ट्रंका घेऊन,
कपाटं इनासीनवर सोडून.
त्या वर्षी सज्जे बंद, पुड्या कुणी वळल्या नाहीत,
चौकात एक दारुडा एकटाच बायकी टोपी घालून फिरला.
ती मात्र शुक्रवारी आली.
बाबांनी झगा सैल करून दिला.
बुधवारी पुन्हा दारात.

शिवरात्र त्याच आठवड्यात होऊन गेलेली,
बाबांच्या कपाळी भस्माचा पट्टा अजून पुसट.
काउंटरच्या दोन अंगांना दोन राखा,
मध्ये कात्री.
बाबा म्हणाले, आता कुणासाठी उसवायचं?
झगा तुझाच की.
ती बाकावर टेकली, चपलेतला खडा काढला,
म्हणाली, "उसय मरे बाबली. आयज बुधवार."

पुढे अकरा वर्षं तेच. शिलाई, उसवण.
नाणी बदलली, कंबर दोनदा वाढली,
निळा उडत गेला ते कपड्याच्या वर्णनात दिसतं :
निळा, फिका निळा, नंतर नुसतंच "झगा".
बाराव्या वर्षी शिलाई आहे.
तिच्यासमोर पेन्सिलने, बाबांच्या तिरक्या अक्षरात :
उसवण बाकी.

मांडवीच्या काठाने आता बिअर कंपनीचा रथ चाललाय,
त्यावर कागदी मगर, मगरीच्या जबड्यात डीजे.
खिडकीच्या काचा मशीनसोबत थरथरतात.
एक मुलगी आत येते,
हातात आईचं लग्नातलं काहीतरी, तांबडं,
कमरेत घ्यायचंय, मंगळवारी रात्री नाच आहे,
होईल का तोवर?

मी टेप गळ्यातून काढते.
शिवून होईल, म्हणते.