उरलेले चाळीस

फाटकावरचा पोरगेला शिपाई रोज माझी पिशवी तपासतो.
आज मेथीच्या पराठ्यांच्या डब्याखाली
त्याच्या हाताला लागलं लाकडी लिंग,
पाटाच्या खुरासारखं गुळगुळीत.
कानांच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.
"अभ्यासक्रम आहे," मी म्हटलं.
त्यानं ते दोन्ही हातांनी परत ठेवलं,
डब्याला धक्का न लावता.

सॅन डिएगो. जून.
दुपारपर्यंत ऊन समुद्र ओलांडत नाही.
राखाडी धुकं, राखाडी जहाजं,
आणि जॅकरंडाचा जांभळा चिखल
गाड्यांच्या काचांवर.
दुसऱ्या मजल्यावर माझा वर्ग:
सात देशांच्या सैन्यांतले चौदा जण,
कुणी कंपाउंडर, कुणी नर्स, एक चक्क बँडवाला
ज्याला ऐन वेळी पाठवून दिलं.
दहा दिवसांत शिकून जायचं
आणि आपापल्या छावणीत तंबू ठोकायचा
सुंतेचा.

इंग्रजीत तो शब्द दिवसातून पन्नासदा उच्चारते,
जीभ अडखळत नाही.
मराठीत आमच्या मिरजेत
तो कुजबुजीतला, शिवीतला,
दंग्याच्या रात्री लुंगी फेडून बघण्यातला.
एवढीशी कातडी
आणि तिच्यावर केवढी वस्ती, किती वेशी!
इथे ती नुसती कातडी.
भूल द्या, कापा, टाके घाला, पट्टी बांधा,
मग सहा आठवडे बाईपासून लांब.
सहा म्हणजे सहा, मी फळ्यावर लिहिते,
चार नाही, पगार झाला म्हणून पाच नाही.

सार्जंट मुबिता शेवटच्या बाकावर.
मोंगूचा, दरवाजाएवढा माणूस,
अक्षर मात्र मुंगीचं.
"मॅडम, बाईकडून पुरुषाला होणारी लागण
साठ टक्क्यांनी घटते, ना?
मग माझ्या पलटणीतला पोरगा विचारेल,
उरलेले चाळीस कुठे राहतात?"

वर्ग हसला.
मीही छापील कार्डावरचं सांगितलं:
निरोध, तपासणी, गोळ्या.
त्यानं लिहून घेतलं आणि मान वर करून
तसाच बघत राहिला.

मला एक पत्ता ठाऊक होता.

आमचा नेमूदादा. पायदळात नाईक.
दिमापूरहून सुट्टीवर यायचा
तेव्हा गल्लीतल्या कुत्र्यांनाही बिस्किटं मिळायची.
गेला, तेव्हा घरानं कावीळ सांगितली.
आम्ही सगळे कावीळ म्हणालो,
मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, मीसुद्धा.
तेराव्यानंतर काळी ट्रंक उघडली.
बुटांच्या पॉलिशच्या डबीखाली
मिलिटरी हॉस्पिटलची चिठ्ठी, चार घड्यांची.
तारीख वाचली.
त्या तारखेनंतर तो एकदा घरी आला होता.
एकवीस दिवस.
वहिनीला हिरवं लुगडं आणलं होतं.

भित्रा होता का? गोळी लागलेल्या मित्राला
पाठीवर घेऊन दोन ओढे ओलांडलेला माणूस तो.
आमच्या स्वयंपाकघरात
चार शब्द मात्र त्याला उचलता आले नाहीत.

हे मी इंग्रजीत सांगितलं. हिरवं लुगडं सांगितलं नाही.
लाकडी नमुना टेबलावर उभा,
कुणी त्याच्याकडे बघेना.
बँडवाल्यानं खिडकी उघडली, विनाकारण.
मुबितानं वही मिटली.
"तंबू लागला की पहिला नंबर माझा," म्हणाला.
मग बराच वेळ पेनाचं टोपण शोधत बसला.
"बायकोशी आधी बोलेन. काही बोलायचं राहिलंय."

वहिनी आहे अजून.
सांगलीच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणते,
रांगेतल्या नव्या पोरींना दटावते, चहा पाजते.
तिकडे रात्रीचे नऊ वाजतात
तेव्हा इथे सकाळचे साडेआठ,
मी फाटकावर हात वर करून उभी,
शिपाई पिशवीत वाकलेला,
आणि आत कुठंतरी, पराठ्यांच्या बाजूला,
फोन एकदा थरथरतो.
एवढंच लिहिते ती, रोज:
घेतली.