वर जायला वीस तेत्री

ग्लदानीतल्या आपल्या नऊमजली इमारतीत
लिफ्ट खाली फुकट येते,
वर जायचं तर पेटीत वीस तेत्री.
तू सहा आठवड्यांची होतीस, लिले,
आणि रोज सातच्या ठोक्याला
आतलं कुणी बटण दाबावं तशी
रडायला लागायचीस.

दूध पिऊन झालेलं. लंगोट कोरडा.
ढेकर निघालेला, दोनदा, हमालासारखा.
अंग गार, टाळू सपाट, कान साफ.
बोटाला केस तर गुंडाळला नाही ना, तेही पाहिलं
मोबाइलच्या उजेडात, पायाची दहाही बोटं.

डॉक्टर इर्मा म्हणाल्या, वजन छान वाढतंय.
मग रडते का?
त्यांनी चष्मा पुसला.
"रडते," म्हणाल्या. "तिसरा महिना उलटू दे."
हे चिठ्ठीवर लिहून दिलं असतं
तरी मी औषधाच्या दुकानात गेलो असतो.

बडीशेपेचं पाणी झालं. कोमट टॉवेल झाला.
माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत तू पालथी,
हातपाय लोंबते, फांदीवरच्या मांजरासारखी.
नळ सोडून ठेवला. व्हॅक्यूम लावला.
सासूबाईंनी कुताइसीहून, फोनवरच,
तीनदा थुंकून दृष्ट काढली.
प्रत्येकाची पाच मिनिटं.
सहावं कुणालाच मिळालं नाही.

थेओना भिंतीकडे तोंड करून निजायची,
म्हणजे जागीच, पाठीनं ऐकत.
एकदा म्हणाली, मला वाटतं, हिला मी आवडत नाही.
मी हसलो. हसायला नको होतं.
दुसऱ्याच रात्री तुला पाळण्यात ठेवून, दार ओढून घेऊन
मी बाल्कनीत उभा राहिलो, शंभर मोजेपर्यंत.
माझ्या हातांचा मला भरवसा नव्हता.

लिफ्टचं कळलं ते कचऱ्यामुळे.
एका हातात पिशवी, खांद्यावर तू,
सहावा मजला सुटला, तिची ती जुनी घरघर सुरू झाली
आणि तू थांबलीस.
त्या पिवळ्या दिव्याकडे डोळे मोठे करून पाहिलंस,
जणू कुणी ओळखीचं बोललं.

तेव्हापासून खिशात नाणी.
सिगारेटची वाचवलेली, पावाची उरलेली.
वर, खाली. वर, खाली.

मग एका रात्री, तीन वाजता, तळमजल्यावर
खिसा रिकामा.
लिफ्ट गप्प. तू सुरू.
मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि पहिल्यांदाच
तुला गप्प करायचं सोडून दिलं.
रड, म्हटलं. ऐकतोय.
तुझ्या प्रत्येक टाहोआधी एक बारीकशी उचकी असते,
श्वास अडखळतो, मग सापडतो.
इतक्या दिवसांत मी ती ऐकलीच नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर दार वाजलं.
गुराम, बनियनवर कोट.
आता हा ऐकवणार, म्हणून मी उभा राहिलो.
त्यानं पेटीत नाणं टाकलं, नवव्याचं बटण दाबलं
आणि आमच्याबरोबर आत येऊन उभा राहिला.
चौथ्यापर्यंत एक शब्द नाही.
मग म्हणाला, त्र्याण्णवच्या हिवाळ्यात वीजच नसायची.
माझा बेसो असाच. नऊच्या नऊ मजले
चढायचो, उतरायचो, अंधारात पायऱ्या मोजत.
का रडायचा?
"विचारलं नाही रे कधी," गुराम म्हणाला.
"आता पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
फोनवर दोन शब्द काढत नाही, धोंडा."
नवव्यावर दार उघडलं, मिटलं.
खाली जाणं फुकट.

बाराव्या आठवड्यात एका संध्याकाळी
सात वाजून गेले.
सव्वासात.
थेओनानं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली.
तू छताकडे बघत मूठ चोखत होतीस.
आम्ही दोघं चोरांसारखे, पावलं न वाजवता.
भिंतीपलीकडून लिफ्ट वर गेली
दुसऱ्याच कुणाच्या तरी पैशानं.
खुंटीवरच्या कोटात माझी अकरा नाणी.