दुरुस्तीच्या टेबलावर

डुलूथच्या वाचनालयात मी खाली असते, तळघरात,
जिथे गरम पाण्याचे पाइप दिवसभर कुरकुरतात
आणि खिडकी आहे ती फुटपाथच्या उंचीला,
म्हणजे या गावातली माणसं मला
बहुतेक बुटांवरूनच ठाऊक.

माझ्याकडे येतात बालविभागातली पुस्तकं.
कुणी कडेला चावलेली, कुणी आंघोळीला नेलेली,
एकात तर वाघाच्या तोंडापुढे
खरोखरचा बिस्किटाचा तुकडा, चिकटून वाळलेला.
तो मी खरवडून काढला.
वाघासाठी थोडं वाईट वाटलं.

बक्षीस मिळालेली पुस्तकं लगेच ओळखू येतात.
मुखपृष्ठावर गोल सोनेरी शिक्का असतो,
म्हणजे असायला हवा.
पाच वर्षांच्या नखापुढे तो टिकतो किती दिवस?
शिक्क्याच्या जागी उरलेला
पांढरा, चिकट चंद्र
मी पुसत बसते.

सोमवारी आलं ते रानबदकाचं पुस्तक.
शब्द एकही नाही.
थवा दक्षिणेला निघून गेलाय, एक मागे राहिलंय,
आणि मधल्या पानांवर नुसतं सरोवर,
दोन्ही पानं भरून बर्फ,
कोपऱ्यात काळा ठिपका.
त्या ठिपक्यासाठीच दिलं असणार बक्षीस.
मीही दिलं असतं.
पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा
हातातला ब्रश वाळून कडक होईपर्यंत
मी तशीच बसले होते.

शिक्का गायब.
'टोइवोचं काम,' जिन्यावरून मार्गिट म्हणाली,
'आजीच्या कार्डावर नेलं होतं त्यानं.'

सापडला गुरुवारी,
रद्द करायच्या पुस्तकांच्या ढकलगाडीवर.
रस्त्यावरचा बर्फ उपसणाऱ्या गाडीची गोष्ट, बावीस पानं,
चित्रकाराचं नाव शेवटी, इतकं बारीक
की जणू कुणी विचारू नये.
छपाई अशी, की गाडीचा लाल रंग
रेषेतून निसटून शेजारी उभा,
थंडीत तोंडापुढे वाफ उभी राहते तसा.
आणि मुखपृष्ठावर, ड्रायव्हरच्या दाराला,
तिरका, अंगठ्यानं दाबून दाबून बसवलेला
तो सोनेरी शिक्का.

निकाल फिरवला होता.
समितीत सदस्य एक, वय पाच.
अपील नाही.

मिरजेला, माझ्या पहिलीच्या पुस्तकात,
पोपटाची चोच अशीच सुटलेली होती,
तोंडापासून दोन सूत लांब.
मला वाटायचं पोपट असेच असतात,
चोच आधी पोचते, पोपट मागून.
पुढे खरा पोपट पाहिला
तेव्हा तो फार घट्ट चिकटवल्यासारखा वाटला.

नियम असा, की शिक्का सापडला तर मूळ पुस्तकाला लावावा.
नियम असाही, की ढकलगाडी शुक्रवारी रिकामी करावी.
मी चिमटा घेतला.
शिक्क्याची कड जराशी उचलली.
तेवढ्यात वर खिडकीपाशी घरघर झाली,
एक पातं गेलं, पिवळा उजेड गरगरत गेला,
आणि काचेवर बर्फाचा फटका बसला
सगळी खिडकी पांढरी करून.

कड मी पुन्हा दाबली.

मग मैद्याची खळ शिजवली.
बाटलीतला गोंद असतो इथे, चांगला असतो,
पण म्हाताऱ्या कण्याला तो मानवत नाही.
कापडाची पट्टी बसवली, मेणकागद घातला,
वर दोन विटा ठेवल्या.
रानबदकाच्या नोंदीत लिहिलं, शिक्का गहाळ.
मार्गिटनं विचारलं तर
काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

उपसागाडीची नोंद नव्यानं भरावी लागली.
नाव, साल, पानं, स्थिती बरी.
'पुरस्कार' या रकान्यापाशी
पाइप दोनदा कुरकुरेपर्यंत थांबले.
मग लिहिलं,
आहे.