कपात

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
माझं काम आकड्यांचं.
एकशे बारा माणसांचा पगार दर महिन्याला
आधी पूर्ण लिहिते, मग कमी करते.
प्रॉव्हिडंट फंड. व्यवसाय कर दोनशे,
फेब्रुवारीत तीनशे. का तीनशे, मला विचारू नका,
दिवस कमी आणि कपात जास्त असा तो महिना.
कामगार विमा शेकडा पाऊण.
पाऊण म्हणजे किती, हे कुणी विचारत नाही
दवाखान्याच्या रांगेत उभं राहीपर्यंत.

बजेटच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत
शिलाईखात्यातल्या बायका खिडकीशी आल्या.
"मॅडम, बारा लाखापर्यंत टॅक्स नाही म्हणं.
मग आमचं किती वाढलं?"
तुमचं आधीपासूनच शून्य होतं, मी म्हटलं.
"म्हणजे आम्हाला सगळ्यात आधी दिलं का की!"
यल्लव्वा अशी हसली
की मागचे लूम क्षणभर ऐकू आले नाहीत.
त्याच रात्री पुण्याहून मुलाचा फोन,
महिन्याला सहा-साडेसहा हजार सुटतील, आई,
फ्रिज बदलूया.
फ्रिज चांगला चाललाय, मी म्हटलं,
आणि उगाच उठून त्याचं दार नीट लावलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वाढीची यादी लागली.
अंबादास येमूल, कटिंग खातं, बावीस वर्षं.
वीस हजार आठशेचे एकवीस हजार दीडशे.
तो आला तेव्हा भुवयांवर कापसाची लव होती,
बाहेर बेचाळीस डिग्री.
बस म्हटलं तर बसला नाही.
हातात चारशे चौसष्ट जास्त पडतील, मी सांगितलं.
"साडेतीनशे वाढले, मग चारशे चौसष्ट कसे?"
विम्याचे एकशे छप्पन आता कापायचे नाहीत.
एकवीस हजाराच्या वर गेलात तुम्ही.
"मग कार्ड?"
कार्डही.

राजेश्वरी, त्याची बायको.
मंगळवार आणि शुक्रवार, रक्त धुणारं मशीन.
कार्डावर फुकट. बाहेर एका वेळेचे पंधराशे.
मी गुणाकार केला नाही,
त्यानं घरीच करून आणला होता.

"मॅडम, कापा की."

दोन रुपये जास्त गेले म्हणून
या टेबलावर मुठी आपटलेल्या मी पाहिल्यात.
कापा म्हणून हात जोडणारा हा पहिला.
दिवसभर कात्रीखाली टॉवेल सुटे करणारा माणूस,
त्याचंच कापायचं राहिलं होतं.

रात्री कडक भाकरी शेंगाचटणीत चुरत
विम्याची परिपत्रकं वाचली.
सहामाही एप्रिलला सुरू होते.
त्याआधी किंवा त्याच दिवशी रेघ ओलांडली, तर बाहेर.
सुरू झाल्यावर ओलांडली, तर सप्टेंबरपर्यंत आत,
आणि उपचार पुढच्या जूनपर्यंत.
म्हणजे सगळा खेळ एका महिन्याचा.
भाकरीचे तुकडे वहीवर सांडले होते,
ते तसेच राहू दिले.

सकाळी शेठसमोर कागद ठेवला,
येमूलची वाढ एप्रिलऐवजी मेपासून.
का, असं त्यांनी विचारलं नाही.
एका महिन्याचे साडेतीनशे वाचत होते,
पेन आधीच उघडलेलं होतं.

जूनच्या सातला मेची स्लिप दिली.
एकवीस हजार दीडशे. विमा, एकशे एकोणसाठ.
टॉवेलची किनार तपासावी तसं
त्यानं त्या ओळीवरून बोट फिरवलं.
"बरोबर कापलंय," म्हणाला.
पुढच्या जूनपर्यंत, मी म्हटलं. नंतरचं मला माहीत नाही.
तो तेलुगूत महिने मोजायला लागला होता.
दहा बोटं संपली,
मग माझ्या टेबलावरचे रबरी शिक्के त्यानं
एकेक करून बाजूला सरकवले.