वर सहा

शनिवारी रात्री माझा उपदेश आकड्याशी येऊन अडला.
एकशे त्रेपन्न मासे.
किनाऱ्यावर निखारे, भाकर, न्याहारी तयार,
मेलेला माणूस जिवंत होऊन हाका मारतोय,
आणि कुणीतरी ओणवा होऊन मासे मोजतोय.

सेमिनरीत सरांनी या आकड्याचे पाच अर्थ सांगितले होते.
मी ते हिरव्या शाईने उतरवून घेतले.
ग्रिम्सबीत त्यातला एकही चालला नाही.

इथल्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने सांगितलं होतं,
की हाक आली आणि कोळ्यांनी जाळी तिथेच टाकली.
उपासनेनंतर दारात हात मिळवताना
नेव्हिल थॅरट म्हणाला,
'पाळकसाहेब, आम्ही नाही जाळी सोडली.
जाळ्यांनी आम्हाला सोडलं.'
आणि टोपी दाबून वाऱ्यात निघून गेला.
ते वाक्य आठवडाभर माझ्या घशात होतं,
काट्यासारखं. भात गिळूनही न जाणारं.

नेव्हिल गोदीवर मोजणीला होता.
पहाटे दोनपासून हॅडकच्या पेट्या,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
आता रविवारी माणसं मोजतो,
शेवटच्या बाकामागे उभा, ओठही न हलवता.
इनिड कॉकवेल, डाव्या कानाने ठार बहिरी,
ती नेमकी अशी बसते की माझ्याकडे डावा कान यावा.
इबिएरे, रात्रपाळीहून थेट, गणवेशावर कोट;
प्रार्थनेला मिटलेले तिचे डोळे
पुढच्या गीताशिवाय उघडत नाहीत.
रामुनेचा मुलगा प्रभुभोजनाच्या भाकरीचा
आणखी एक तुकडा मागतो. मी देतो.
यावर कारभाऱ्यांची एक बैठक झालेली आहे.

गेल्या रविवारी हजेरीच्या वहीत सतरा होते.
मी म्हणालो, नेव्हिल, सोळा.
'सतरा. बॉयलरवाला.'
बॉयलरवाला दाराशी बसला होता,
अवजारांची पेटी मांडीवर घेऊन,
गीत संपायची वाट पाहत.
अरे, तो काही उपासनेला आला नव्हता!
'कशाला आला ते मोजायचं काम माझं नाही.
आत होता. मोजला.'

मग चहावर मी त्याला माशांचं विचारलं.
त्याने बिस्कीट बुडवलं, थोडा वेळ धरून ठेवलं.
'वाटणीसाठी मोजतात, आणखी कशाला?
बोटीत सात जण. प्रत्येकी एकवीस,
वर सहा.'
बिस्कीट तुटून कपात पडलं.
'ते सहा कुणी नेले, ते नाही ना लिहिलेलं?'

नाही. शोधलं मी, रात्री एकपर्यंत.
मूळ ग्रीक काढलं, टिपा काढल्या.
सहा माशांचा पत्ता नाही.

माझे वडील जालन्याच्या मोंढ्यात मापाडी होते.
पहिल्या मापाला ते एक म्हणत नसत.
लाभ, म्हणत. मग दोन, तीन.
चर्चमध्ये त्यांनी कधी तोंड उघडून प्रार्थना केली नाही,
पाळकांनी सांगितलं तरी मान खाली.
मला त्यांची लाज वाटायची, हे आज लिहून ठेवतो.
रास संपली की तळाशी मूठ-दोन मुठी उरायचं;
ते पायाने सारून भिंतीकडे ठेवायचे,
झाडणाऱ्या बायका यायच्या नंतर.
त्याची नोंद कुठल्याच पावतीवर नसे.

आज सकाळी कुलूप उघडायला गेलो
तर हंबरवरून नुसतं सुरीसारखं वारं,
आणि पायरीवर नेव्हिल, पेन्सिल कानाला.
मी मनात म्हणालो, लाभ.
त्याला काय कळणार. तो म्हणाला, 'आत चला, मराल.'

आत बाहेरच्यापेक्षा गार होतं.
बॉयलरचा सुटा भाग लीड्सहून यायचाय.
माणूस सोमवारी बसवायला येतो म्हणत होता;
नेव्हिलने त्याला परस्पर सांगून टाकलंय,
सोमवारी इथे कुणी नसतं.
रविवारी ये. साडेदहाला.