उतरायचं कुठं

मे महिन्यातली दुपार, भुसावळ.
कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओतून
मी चष्मा पुसते
आणि आम्ही प्रागमध्ये खोली शोधायला बसतो.

शेजारच्या सिंधूबाई बोरसे, माहेर पारोळ्याकडचं,
दारातूनच विचारतात,
"कोठे उतरशात तठे? बाजरीनी भाकर भेटी का?"
भाकरीचं मला माहीत नाही.
उतरण्याचंच चाललंय आठ दिवस.

चौतीस वर्षं हे मालगाडीचे गार्ड.
झोपायची जागा यांनी कधी निवडलीच नाही.
इगतपुरी, बडनेरा, खंडवा,
रनिंग रूममध्ये जी खाट रिकामी ती आपली,
उशीवर आधीच्या माणसाच्या तेलाचा डाग,
कॉलबॉयनं दार वाजवलं की उजाडलं.

खंडव्याच्या खोलीत म्हणे एक कॅलेंडर होतं,
कुठल्याशा बेअरिंग कंपनीचं, साल एक्क्याऐंशी.
ऑक्टोबरच्या पानावर नदी,
नदीवर दगडी पूल, पुलावर काळे पडलेले पुतळे,
मागं टेकडीवर किल्ला.
ऑक्टोबर संपला, नोव्हेंबर कुणी उलटला नाही.
नव्वद साली भिंत रंगवली, तेव्हासुद्धा
रंगाऱ्यानं कॅलेंडरच्या कडेकडेनं ब्रश फिरवला.
"तो फोटो कुणीतरी खिडकीत बसून काढलाय,"
हे म्हणतात. "मला ती खिडकी पाहिजे."

खिडकी पाहिजे!
मी गुडघ्यांचं बघते.
लिफ्ट आहे का. शेगडी आहे का, की नुसतीच किटली.
जुन्या गावात चौकाला लागून एक खोली आहे,
कित्येक शतकांचं घर, तुळया दिसतात,
चौथा मजला, आणि जिना असा गरगरीत
की फोटो बघूनच मी खुर्ची धरली.
पुलापलीकडची स्वस्त, पण तिथं नुसती चढण.

यांचं वेगळंच.
जुन्या टाइमटेबलच्या मागं पेन्सिलीनं नदी काढली,
किल्ला पलीकडं, म्हणजे फोटो अलीकडच्या काठावरून,
किल्ल्याच्या तोंडावर ऊन, म्हणजे सकाळ,
आणि पूल एवढाच दिसतो, म्हणजे दुसरा नाहीतर तिसरा मजला.
सापडलीसुद्धा खिडकी. बहुतेक तीच.
एका रात्रीच्या भाड्यात आपल्याकडं
फ्रिज येतो, डबल डोअरचा.
हे गप्प बसले. पेन्सिल कानावर.

मी म्हटलं, स्टेशनजवळ बघू या?
असं बघितलं माझ्याकडं
जसं काही मी ब्रेकव्हॅनमध्ये अंथरूण घालते म्हणाले.
"जन्मभर स्टेशनजवळच झोपलो ना आपण."

आपण?
हे कुठं असायचे.
क्वार्टरमध्ये मी आणि दोन पोरी,
रात्री अडीचला खिडकीची काच थरथरायची,
कपाटातल्या कपबश्या एकमेकींना लागायच्या,
मला वाटायचं, लाइन चालू आहे,
म्हणजे कुठंतरी हेही चालू आहेत.
मग झोप लागायची.
रिटायर झाल्यावर जामनेर रोडला घर बांधलं, शांत जागा म्हणून.
मला अडीचला अजून जाग येते.
ऐकायला काही नसतं.
यांचं घोरणं असतं, ते वेगळं.

हे कधी बोलले नाही मी. आत्ताही नाही.
नुसता अंगठा वर ढकलत राहिले,
आणि एका खोलीखाली कुणाची तरी तक्रार दिसली,
मोठ्यानं वाचली:
रात्री अडीचला गाडी जाते. खिडकी वाजते.
पुन्हा येणार नाही. एकच तारा.

लिफ्ट आहे, म्हटलं. शेगडी दोन बर्नरची.
पुलापर्यंत ट्राम, सकाळच्या उन्हात जाऊन येऊ,
तुमच्या खिडकीखाली उभं राहू हवं तेवढं.

यांनी चष्मा काढला.
कूलरचं पाणी खाली गेलेलं, पंप कोरडा ओरडत होता,
उठायला हवं होतं, कुणी उठलं नाही.

"अडीचला?" हे म्हणाले.
"कुठली असेल? पॅसेंजर की माल?"

आता मला काय ठाऊक.
रद्द करायची मुदत बारा तारखेपर्यंत आहे, तेवढं सांगितलं.
यांनी कानावरची पेन्सिल काढली
आणि नदीच्या खाली, कोपऱ्यात,
गार्डाच्या त्याच तिरप्या अक्षरात
लिहिलं ०२.३०,
पुढं एक प्रश्नचिन्ह.