सव्वा रुपया बाकी

आमच्या घरात तारा मोजतात त्या अशा:
ईन, दाय, त्री, पेदवार, पिम्प.
पाचाच्या पुढं मराठीच.
ही कुठली भाषा विचारलं
तर अब्बा म्हणायचे, बेनूसाहेबाची,
आणि रंधा मारत राहायचे.

चोपडी अजून आहे. मोडीतली,
शेजारच्या कारकुनाकडून लिहवून घेतलेली,
कसरीनं कडा खाल्लेली.
मिरज, शिकलगार गल्ली.
"साहेब बेनन, रेल्वेचा फिटर. उभं वाद्य एक.
तीन पदरी. तारा पंचाण्णव. अंग तडकलेलं."

बैलगाडीतून आणलं म्हणे,
कडब्यावर आडवं निजवून, मढं आणावं तसं.
मागं साहेब पायी, टोपी हातात.

पणजोबा दस्तगीर. त्यांच्या बापानं तलवारींना पाणी दिलं,
तलवारी सरकारजमा झाल्या,
तेव्हा घरानं भोपळे फोडायला घेतले.
त्यांनी वाद्याभोवती तीन फेऱ्या मारल्या,
"याला घोडीच नाही. जवारी काढू कुठं?"

साहेब मोडक्या हिंदुस्थानीत
भलतंच सांगत होता.
वेल्स नावाचा मुलुख. आतून पोखरलेला डोंगर.
बाप अंधारात खाली उतरायचा, अंधारातच वर यायचा,
हिवाळ्यात ऊन दिसायचं ते रविवारी,
आणि रविवारी मूर्ती नसलेल्या देवळात
अख्खं गाव चार आवाजांत गायचं.
काही तारा काळ्या आहेत ना,
त्या बापाच्या नखांतल्या कोळशानं, म्हणाला.
खोटं असेल.
खाणीत वायू पेटला तेव्हा
आईनं बापाला बुटांवरून ओळखलं.
हे खरं असावं. हे सांगताना तो
हिंदुस्थानी विसरला.

मग शाळेचं निघालं.
घरची बोली तोंडातून निसटली
की गळ्यात लाकडाचा तुकडा.
दुसरं कुणी सापडलं की त्याच्या गळ्यात.
शाळा सुटताना ज्याच्याकडं, त्याला छडी.
"लाकूड कुठलं?" दस्तगीरनं विचारलं.
साहेबाला आठवेना.
बराच वेळ आठवत बसला.

हाच साहेब सकाळी इंजिनशेडात
सिदू खलाशी नुसता "व्हय जी" म्हणाला
तर दोन आणे कापायचा.
सिदू पलीकडच्या बोळातलाच.
दस्तगीरनं ते काढलं नाही.
गिऱ्हाईक होतं.

तुणीचं लाकूड मिळालं, सरस घरचाच,
तात मिळेना.
शेवटी लाडले पिंजाऱ्यानं
आपल्या कमानीची तात सोडून दिली;
आठ दिवस गल्लीत कापूस उडाला नाही.
साहेब रोज शेड सुटल्यावर पायरीवर बसायचा,
चढवलेल्या तारा मोठ्यानं मोजायचा,
काळं तेल बोटांवर तसंच.
आत बिबन भाकऱ्या थापायची.
पाचापर्यंत तिला पाठ झालं,
पुढं तवा तापायचा.

लागलं ते एका गुरुवारी.
दर्ग्याचा नगारा थांबेपर्यंत तो थांबला.
काय वाजवलं, चोपडीत नाही.
बिबन सांगायची: पत्र्यावर शाळू सांडावा तसं,
आणि मग कुणीतरी तो एकेक दाणा
वेचून परत सुपात घ्यावा तसं.
सिदूही आला होता म्हणे,
बोळाच्या तोंडाशी उभा. पुढं आला नाही.

पुढच्या पानावर प्लेग.
गाव माळावर, झोपड्यांत.
साहेबाची हुबळीला बदली झाली
की त्याला तिथंच पुरलं,
दोन्ही ऐकलंय.
वाद्य कुणी नेलं, माहीत नाही.
मजुरी साडेचार. जमा सव्वातीन.
बाकी सव्वा रुपया.
खाली रेघ नाही मारलेली.

परवा नात तानपुरा जुळवत होती.
ईन, दाय, त्री, पेदवार.
चारच तारा असतात. संपल्या.
तरी ती "पिम्प" म्हणाली
आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवून
जरा थांबली.